रिकामा डबा परत करत नाहीत

डोंबिवली (पूर्व),
९ सप्टेंबर २०२५

वन्सं,

नमस्कार. वाकून केला असं समजा. गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात बसूनच करते आहे.

पितृपंधरवड्यात शुभकार्याचं काही लिहू नये म्हणतात. हे शुभकार्याचं नाही. माझा डबा तुमच्याकडे आहे, तो परत हवा आहे, एवढंच लिहायचं आहे. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, कोण घरात नाही आणि कोण घरात असून उचलत नाही हे मला नुसत्या रिंगवरून कळतं.

डबा कोणता ते लक्षात असेलच. स्टीलचा, उभा, घट्ट झाकणाचा, झाकणावर 'सुमतीस, मंदाकिनीकडून सप्रेम' असं कोरलेला. तुम्हीच माझ्या लग्नात दिलेला. तुमच्या बंधूंच्या तेराव्याला मी त्यात लाडू भरून तो तुमच्या पिशवीत ठेवला होता. पुढे जे झालं ते झालं. तुम्ही म्हणालात, इथे एकटी राहून काय करणार, कोलशेतला माझ्याकडे चल, लेक देवयानी मेलबर्नला गेल्यापासून दोन खोल्या नुसत्या पडून आहेत. मी म्हटलं, मी माझ्या घरातून हलणार नाही. तुम्ही म्हणालात, "का, मी काय परकी आहे?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला आत गेले. बाहेर येते तर तुम्ही नाही, पिशवी नाही. गॅस बंद करायला असा किती वेळ लागतो? तेवढंही थांबला नाहीत. पण त्याबद्दल मी काही म्हणत नाही. डब्याबद्दल म्हणते आहे.

आता विचाराल, चार वर्षांनी डबा कसा आठवला. तर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी म्हाताऱ्यांचा अड्डा भरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई साळवे, बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांनी तो सुरू केला. पत्ते, अंताक्षरी, खुर्चीत बसून हातपाय हलवणं, असं काहीबाही. मी जाणार नव्हते. पण मी रोज दुपारी वॉचमनला इंटरकॉमवर किती वाजले ते विचारते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. माझं घड्याळ बंद पडलं होतं म्हणून विचारत होते. रमाबाई वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सुमतीताई, घरात बसून अंडी उबवताय का? चला खाली, पत्त्यांना चौथा भिडू पाहिजे."

भिडू कमी आहे म्हटल्यावर जाणं भागच होतं.

आता तिथे नवरात्रात भोंडला करायचं ठरलं आहे, आणि खिरापतीसाठी मला माझा डबा हवा. कुरिअरने पाठवलात तरी चालेल.

सुमती

डोंबिवली,
१६ सप्टेंबर

वन्सं,

डबा आला नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे ते पोचलं आहे.

भोंडला म्हटल्यावर तुम्ही हसला असाल. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, सासरच्यांना नावं ठेवणारी गाणी म्हणायची, हे परकरातल्या पोरींचं काम. मीही तेच म्हटलं. रमाबाई म्हणाल्या, "पोरी क्लासला गेल्यात. हत्ती मोकळाच आहे." मग मला वाटलं, त्यांच्याकडे हे चालतं की नाही विचारावं. विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बुद्धांच्या जन्माच्या गोष्टीत हत्ती आहे, तुमच्याकडे पाटावर आहे. हत्ती दोघांचाही. फक्त हळदकुंकू नको. त्याने अर्ध्या बायका लांब उभ्या राहतात."

वन्सं, हे त्या सहज बोलून गेल्या. पण हे गेल्यापासून प्रत्येक चैत्रात आणि प्रत्येक नवरात्रात लांब कुठे उभं राहायचं ते मी आधीच हेरून ठेवते. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच पदराने चष्मा पुसत बसले.

पुरुषांचा प्रश्नही निघाला. आमच्यात पोपटराव आहेत, ऐंशीला टेकलेले. शहाडच्या कारखान्यात मशीनच्या आवाजात नोकरी झाली, त्यामुळे कानांनी निम्मे. बायको जाऊन दहा वर्षं झाली. ते म्हणाले, "मी आलेलो ना मागच्या शनिवारी पण. आता भोंडल्याला जेन्ट्स नाही चालत काय?" रमाबाई म्हणाल्या, "हत्ती बाई आहे का बाप्या, कुणी बघितलंय? उभे राहा." तेव्हापासून पोपटराव फेरात आहेत. गाणं एका सुरात असतं आणि ते दुसऱ्यात. उलट्या बाजूला फिरतात ते वेगळंच.

गाणी आम्ही नवी केली आहेत. सासूला नावं ठेवायला आमच्यातल्या कुणाची सासू उरलेली नाही, आणि सुनांना ठेवावीत तर त्या वर गॅलरीतून ऐकतात. मग हे केलं:

एक गोळी सकाळची, एक गोळी रात्रीची,
मधली गोळी कुणाची गं, मधली गोळी कुणाची?
मधली गोळी डॉक्टरच्या नव्या कोऱ्या गाडीची!

शेवटची ओळ माझी आहे.

पण खरी चुरस खिरापतीची. डबा बंद ठेवून खुळखुळवायचा, आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं. रमाबाईंचा नियम कडक आहे. जोवर प्रत्येक जण "हरलो" म्हणत नाही तोवर झाकण उघडायचं नाही, आणि उघडणार तो आणणाराच. शनिवारी सराव झाला. मी साटोऱ्या केल्या होत्या, प्लास्टिकच्या डब्यात नेल्या. वास बाहेर आला आणि एका मिनिटात ओळखल्या. ओळखल्या कुणी, तर पार्किंगमधून स्कूटर काढायला आलेल्या तिसऱ्याच माणसाने. पोपटरावांची एक मजा आहे. डब्यात काहीही असो, ते "बुंदीचा लाडू" म्हणतात. चिवडा असला तरी बुंदीचा लाडू. विचारलं तर म्हणतात, कधीतरी निघेलच.

मी हरले, वन्सं. म्हणजे तसं म्हटलं नाही, पण झालं तसंच. मला हरणं जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे बंधू म्हणायचे, ही यमालासुद्धा "हरलो" म्हणायला लावेल आणि मगच त्याच्याबरोबर जाईल. म्हणून तो डबा. त्याच्या झाकणातून वास येत नाही आणि आवाजही येत नाही.

पाठवा.

सुमती

डोंबिवली,
२३ सप्टेंबर

वन्सं,

अजून डबा नाही. पण काल दुपारी तीन वाजता फोन वाजला, मी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने बंद झाला. नंबर मी पाहिला नाही असं समजा. मागे पंख्याचा आवाज येत होता, खट खट करणारा. तुमच्या दिवाणखान्यातल्या पंख्याला तेल घाला.

त्या फोननंतर मला वाटलं की काही गोष्टी नीट लिहाव्यात. माझं घड्याळ बंद पडलं नव्हतं. चालू होतं, आजही आहे. दुपारी जेवण झालं की संध्याकाळपर्यंत घरात कुणाचाच आवाज नसतो, माझा स्वानंद पुण्याहून रविवारी फोन करतो, तोपर्यंत माझा आवाज मलाही ऐकू येत नाही. वॉचमन "पावणेचार झाले, आज्जी" म्हणायचा. तेवढं पुरायचं. गॅसच्या नंबरवर ती रेकॉर्ड केलेली बाई "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणाली, तर मी तिला "थँक्यू, बाई" म्हटलं. जन्मभर लोकांचे फोन जोडून देणारी मी. मग माझं मलाच इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आता तसं राहिलेलं नाही. मंगळवार उजाडला की मी सकाळीच साडी काढून ठेवते. आदल्या दिवशी रमाबाईंचा फोन येतो, गाण्यात कुठली ओळ बसत नाही म्हणून. आम्ही भांडतो. काल 'मोतीबिंदू'ला यमक कोणतं यावरून त्यांनी फोन आपटला. पाच मिनिटांनी परत केला. भांडायला माणूस असणं किती सुखाचं असतं हे मी विसरले होते.

भोंडला येत्या रविवारी आहे, अठ्ठावीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता, आमच्याच पार्किंगमध्ये. डबा द्यायला आलात तर चालेल. बसायलाच हवं असं नाही. पाठ धरते म्हणून तुम्ही प्रवास टाळता ते मला माहीत आहे, तेव्हा सरळ घरापासून रिक्षा करा आणि रिक्षावाल्याला खडखडवू नको म्हणून सांगा. गेटावर कुणालाही विचारा, म्हातारे कुठे नाचतात.

मी फक्त डब्यासाठी लिहिते आहे, असं आता म्हणत नाही.

सुमती

डोंबिवली,
३० सप्टेंबर

वन्सं,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आता बोलणं सुरू झालं म्हणून पत्रं बंद करू नकोस, मला रोज खालची पेटी उघडायची सवय लागली आहे." म्हणून हे. रविवारचं सगळं तुम्हाला माहीत आहे, पण ते तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने कसं दिसलं ते मला सांगायचं आहे.

पाच वाजले तेव्हा मी गेटाकडे पाहत होते. सव्वापाचला मी पाहणं बंद केलं. असं रमाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मान का वाकडी झालीये?" त्यांनी गाणं सुरू केलं आणि मला फेरात ओढलं. हत्ती छान झाला होता, तांदळाचा, एक डोळा मोठा, कारण तो पोपटरावांनी काढला. गोळ्यांचं गाणं सुरू झालं, वरून गॅलरीतून सुना टाळ्या वाजवायला लागल्या, आणि स्कूटरच्या रांगेजवळ तुम्ही दिसलात. निळी साडी, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. बारीक झाला आहात, वन्सं. माझा पाय चुकला आणि पोपटरावांवर पडला. ते "आई गं" म्हणाले, तेही बेसूरच.

मी काही करायच्या आत रमाबाईंनी तुम्हाला पाहिलं. तुम्ही कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघत काय उभ्या राहिल्यात? चपला काढा आणि या." डबा कठड्यावर ठेवायला लावला, तुमचा हात धरला आणि बरोब्बर माझ्यासमोर आणून उभं केलं. मध्ये हत्ती. फेरात समोरचं माणूस तेवढंच लांब राहतं, कितीही फिरा. मी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही हत्तीकडे. पण 'मधली गोळी कुणाची'ला तुमचे ओठ हलले. पत्रात वाचून पाठ केलं होतंत ना? मी पाहिलं.

मग खिरापत. रमाबाई म्हणाल्या, "आधी पाहुण्यांची." तुम्ही म्हणालात, "नाही, हा मी नुसता द्यायला आणलाय." त्यांनी ऐकलं नाही. त्या कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्ही डबा उचललात, जरा थांबलात, आणि हलवलात.

आवाज नाही. सगळे ओळखायला लागले. खरवस, नारळाची वडी, शिरा, दडपे पोहे. पोपटराव म्हणाले, बुंदीचा लाडू. एकेक जण "हरलो" म्हणत गेला, पोपटराव सर्वांत शेवटी, नाइलाजाने. मी राहिले.

वन्सं, मला पहिल्या झटक्यालाच कळलं होतं. लाइन जोडलेली असली आणि पलीकडे कुणी बोलत नसलं, तरी तिला आवाज असतो. रिकाम्या लाइनीचा वेगळा. तुमच्या हातातल्या डब्याचा तसा होता. शिवाय भरलेला डबा माणूस अशा हातांनी धरत नाही. मी "रिकामा" म्हटलं असतं तर जिंकले असते. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, कुणीच नाही, शेजारणीची वाटीसुद्धा साखर घालून जाते, आणि हे मला शिकवलंत तुम्हीच, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, मुद्दाम आणलात, चौघांत दाखवायला.

मग मी तुमच्या बोटांकडे पाहिलं. झाकण धरून ती पांढरी पडली होती. दाखवायला आलेलं माणूस असं धरत नाही. म्हटलं, आत काय आहे ते यांचं यांना सांगू दे. माझ्या तोंडून नको.

"हरले, वन्सं," मी म्हटलं.

तुम्ही वर पाहिलंत. "तू? हरलीस?"

"हरले."

तुम्ही झाकण काढलंत. वरच्या सुना वाकून बघायला लागल्या. आणि तुम्ही जे बोललात ते मी अक्षरन् अक्षर लिहिते आहे, कारण मला ते विसरायचं नाही. तुम्ही म्हणालात, "चार वर्षं रोज ठरवायचे, काहीतरी करून भरून पाठवू. पण एकटीसाठी कढई कोण चढवतं गं? दूध-पोळी खाते आणि झोपते. बिस्किटं भरून पाठवायची लाज वाटली आणि रिकामा पाठवता येईना. म्हणून राहिला. आज म्हटलं, रिकामा तर रिकामा. तू लिहिलंस, बसायलाच हवं असं नाही. मला बसायचंय."

मी चार वर्षं समजत होते की तुम्ही रागाने डबा अडवून ठेवला आहे.

मी हत्ती ओलांडून आले, तांदूळ विस्कटले, त्याची सोंड गेली. तुम्हाला मिठी मारायची की पाया पडायचं हे ठरेना, तेवढ्यात पोपटराव मध्ये घुसले. त्यांनी आपल्या पिशवीतून कागदाची पुडी काढली, त्यातला एक बुंदीचा लाडू तुमच्या डब्यात टाकला, आत डोकावून पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा. मी काय बोललेलो? निघाला की नाही?"

तुम्ही हसलात. तुमचं हसू मी लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा ऐकलं होतं, तेच, शेवटी खोकला येणारं. मग रमाबाईंची करंजी पडली, कुणाची वडी, माझे चिरोटे, आणि झाकण लागेना. पोपटरावांचा लाडू दाबावा लागला. रात्री तुम्ही माझ्याकडे राहिलात, सकाळी कोलशेतला गेलात, डबा घेऊन. भरलेला.

आता तो परत करायचा आहे हे लक्षात ठेवा. रिकामा चालणार नाही. कढई चढवा.

सुमती

डोंबिवली,
७ ऑक्टोबर

वन्सं,

तुमच्याकडचा भोंडला आटोपून घरी नीट पोचले. रमाबाई अजून घसा धरून आहेत.

तुमच्या टॉवरमध्ये इतकी म्हातारी माणसं आहेत हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? तुम्ही म्हणाला होतात, लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. आणि परवा, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, तुमच्या त्या गुळगुळीत लॉबीत दहा-बारा जण चपला काढून उभे. बाविसाव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, मला गाणी येत नाहीत. पोपटरावांनी त्यांना आपल्या शेजारी घेतलं आणि म्हणाले, "मला पण नाही येत. मोठ्याने बोला फक्त." दोघं मिळून उलटे फिरले. तुमचा सिक्युरिटीवाला आधी आम्हाला हटवायला आला होता, नंतर टाळ्या वाजवत होता.

खिरापत तुमची होती. डबा माझा. तुम्ही हलवलात, मी कान दिला, आणि म्हटलं, "बेसनाची वडी, आणि खालून जळलेली." बरोबर निघालं. त्याच्या आदल्या रविवारी हरले म्हणून मला सवय लागेल असं कुणी समजू नये. वडी खरोखरच जळली होती, तरी डब्यात एक उरली नाही. कढई चढली हे मात्र खरं.

तुम्ही मला परत विचारलं नाहीत, पण तो प्रश्न तुमच्याकडे तसाच राहिला असेल. कुकरच्या शिट्टीत माझं उत्तर राहून गेलं. कोलशेतला कायमची राहायला मी येणार नाही, माझं घर डोंबिवलीत आहे, माझा मंगळवार आणि शनिवार इथे आहे. तुम्हीही तुमची लॉबी सोडू नका. पण परक्या माणसाकडे मी माझा डबा चार दिवससुद्धा ठेवला नसता, वन्सं.

आणि काल घरी आल्यावर तुमचा फोन आला, डबा इथेच विसरलीस म्हणून. ओट्यावर, खिडकीशी, घासून उपडा घातलेला.

विसरले नाही.

तुमची,
सुमती